दिवटीचे सात कंद

झाडांना आठवण असते, असं डॉ. केतकी घारपुरे गेली पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना हसतखेळत सांगत आली होती. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि विसरून जायची. ती आठवण एक दिवस पेटीत बसून कऱ्हाडला येईल आणि तिच्याच टेबलावर तिच्याविरुद्ध बोलायला लागेल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पेटी घेऊन आली ऋजुता भोइटे. ही केतकीचीच विद्यार्थिनी, आता दिल्लीच्या वनस्पती-व्यापार प्राधिकरणात शास्त्रज्ञ. पेटी दिसायला साधी, शिलाई मशीनएवढी. नाव स्मृतिमापी.

"मॅडम, आपल्या दिवट्या अडकल्यात," ऋजुता खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "दोनशे रोपं. युरोपातल्या बंदरावर. प्रमाणपत्र होतं, सही तुमची होती, तरी त्यांनी पेटी लावली आणि माल बाजूला ठेवला."

"का?"

"पेटी म्हणते, ही रानातली आहेत."

दिवटी म्हणजे खर्चुडीच्या, कंद खाल्ल्या जाणाऱ्या रानफुलांच्या, कुळातलं वीतभर उंचीचं रोप. पाटणच्या वर घोडेतळ नावाचा सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडंबोडकं पठार. तेवढ्यावरच ती उगवते; जगात दुसरीकडे कुठेही नाही. भाद्रपदात तिला बोटभर लांब, टोकाला पिवळं फूल येतं, म्हणून धनगर तिला दिवटी म्हणतात. अशा दुर्मीळ फुलापायी वेडे होणारे हौशी लोक जगभर आहेत, आणि हौस फार झाली की फूल उरत नाही. म्हणून दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात दिवटीचं नाव घातलं गेलं. या परिशिष्टात नाव आलं की रानातला एक कंदसुद्धा देशाबाहेर विकता येत नाही. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप चालतं, पण त्याची मूळ आई सरळ मार्गानं आलेली असावी लागते. केतकीच्या घाटमाथा वनस्पती केंद्राच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर तसं स्वच्छ छापलेलं असे: 'मातृरोपे परवानगीने गोळा केलेल्या बियांपासून वाढवलेली आहेत.'

"बियांपासून वाढवलेल्या रोपाला रान कसं आठवेल?" ऋजुतानं विचारलं. तिच्या प्रश्नात संशय नव्हता. कोडं सोडवायला गुरूकडे आली होती बिचारी.

कोडं असं होतं. डीएनए हे पुस्तक धरलं, तर त्यातली अक्षरं रोपाच्या जन्मभर बदलत नाहीत. पण जगताना त्या अक्षरांवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या बारीक रेणूंच्या टोप्या चढतात. टोपी चढली की तेवढा मजकूर वाचला जात नाही. एका वर्षी पाऊस उशिरा आला, काही टोप्या चढल्या. कातळ तापला, आणखी काही. मुळाला माती चार बोटंच मिळाली, त्याच्या वेगळ्या. बी धरताना यातल्या पुष्कळशा टोप्या उतरतात आणि बी बऱ्यापैकी कोरं जन्माला येतं. कंदाचा तुकडा काचेच्या बाटलीत घालून त्याची हजार रोपं केली, तर मात्र टोप्या बऱ्याच अंशी तशाच राहतात. ती हजार मुलं नसतात. तीच एक आई हजार जागी बसलेली असते, आपल्या सगळ्या सुखदुःखांसकट. ऋजुताच्या पेटीनं या टोप्यांची भाषा वाचायला शिकून घेतली होती. रोप कुठल्या उतारावर वाढलं, कुठला दुष्काळ त्यानं पाहिला, कुठल्या महिन्यात ते मातीतून निघालं, सगळं.

"तुमच्या रोपांना कातळ आठवतो, मॅडम."

केतकीनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मला वाटतं, कुणीतरी रानातले कंद आपल्या बाटल्यांमध्ये घुसडले," ऋजुता म्हणाली. "बाहेर विकायचे रानातले आणि नाव आपल्या केंद्राचं. चौकशी समितीलाही तसंच वाटतंय. सड्यावर जाणारं आणि केंद्रातही येणारं माणूस एकच आहे."

"ठकूमावशी?"

"त्यांनाच नोटीस गेलीय. नव्या कायद्यात सात वर्षं आहेत मॅडम. त्यांचं वय सत्तर."

खाई त्याला खवखवे म्हणतात. केतकीचा घसा त्या क्षणापासून खवखवायला लागला.

ठकूबाई ढेबे ही मूळची सड्याच्या कडेच्या धनगरवाड्यातली गवळी धनगर बाई. बावीस वर्षांपूर्वी, तरण्या केतकीला दिवटी दाखवली तिनंच. भाद्रपदातला दिवस होता, धुकं इतकं की हातभर लांबचा माणूस दिसेना. ठकूबाई पुढे, केतकी मागे. ठकूबाईनं एका जागी इरलं टेकवलं आणि म्हणाली, "ही बगा." केतकी गुडघ्यांवर बसली आणि तिला रडू आलं. जगाला ठाऊक नसलेलं फूल आपल्यासमोर डोलतंय, हा आनंद ज्याचा त्यालाच कळतो.

परवानगी होती दोन फुललेल्या फांद्यांची आणि हिवाळ्यात थोड्या बियांची. पण वनस्पतिशास्त्रज्ञांची एक रीत आहे. नव्या जातीचा नमुना कागदात दाबून ठेवायचा तो फुलासकट आणि कंदासकट. फुलाशिवाय नमुना म्हणजे चेहरा नसलेला फोटो, असं केतकी स्वतः वर्गात सांगायची. शिवाय एक नमुना आपल्या संग्रहालयाला, एक कोलकात्याला, एक परदेशी, एखादा कुजला तर जास्तीचा. असं करत करत तिनं सात कंद खणले. सातही फुलावर असलेले, म्हणजे त्यांचं त्या वर्षीचं बी गेलंच. वरचं फूलपान तिनं कागदात दाबलं, कंदाची चकती कापून सोबत चिकटवली आणि उरलेले कंद पिशवीत घालून कऱ्हाडला आणले. ठकूबाई शेजारी उभी राहून बघत होती. तिनं काही विचारलं नाही. नंतर एकेका खड्ड्यात माती लोटून वर दगड ठेवला, एवढंच.

हिवाळ्यात आणलेल्या बियांपैकी एकही उगवली नाही. कुंडीतले सात कंद मात्र तरारले. पुढे केंद्राची नोंदणी करताना अर्जात एक रकाना आला: मूळ. केतकीनं तिथे 'बिया' लिहिलं. त्या वेळी तिला ते खोटं वाटलंच नव्हतं. परवानगी बियांची होती ना! आपला तो बाब्या.

एवढ्यावर भागतं तर एक वेळ ठीक होतं. पण त्याआधीच, कंद खणल्यावर महिन्याभरात, वनरक्षकाला सड्यावर दगडांखाली सात खड्डे सापडले आणि त्यानं तज्ज्ञ म्हणून केतकीलाच विचारलं. हे खड्डे माझे, एवढंच सांगायचं होतं. तिनं कागद पुढे ओढला आणि लिहिलं: 'स्थानिकांकडून खाण्यासाठी कंद काढले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

त्या एका ओळीनं घोडेतळावरची चराई बंद झाली. ठकूबाईच्या नवऱ्याला, भागोजीला, दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. धनगरवाड्यातली अकरा घरं म्हशींसकट खालच्या वसाहतीत आली, आणि एका वर्षात निम्म्या म्हशी बाजाराला गेल्या. केतकीला हे समजलं तेव्हा तिला वाईट वाटलं. तिनं ठकूबाईला केंद्रातर्फे सड्याची रखवालदार म्हणून लावून घेतलं आणि आपण काहीतरी केलं असं मानलं. तेव्हापासून ठकूबाई महिन्यातून एकदा सड्यावरच्या दिवट्या मोजून आकडा सांगायला येई. नव्या जातीला नाव देताना केतकीनं आपल्या सरांचं नाव दिलं होतं. ठकूबाईचं नाव द्यावं हे तिला सुचलंही नव्हतं.

आता ऋजुता समोर बसली होती आणि तिनं एक कागद पुढे केला. "समितीला तुमचं प्राथमिक मत हवंय, मॅडम. दोन ओळी चालतील."

केतकीनं लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं वाचून पाहिलं. बावीस वर्षांपूर्वीचीच ओळ होती. शब्दही तेच, फक्त 'खाण्यासाठी'च्या जागी 'विक्रीसाठी' आलं होतं. कागद फाडावा असं तिला फार वाटलं. तिनं सही केली आणि तो ऋजुताच्या हातात दिला.

चौकशी तीन आठवड्यांनी साताऱ्याला होती. सकाळी केतकी पोचली तेव्हा ठकूबाई व्हरांड्यातल्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर फडक्यात भाकरी.

"या बाई. खाता का घासभर? पाटेचीच हाय."

"नको मावशी." केतकी उभीच राहिली. मग कुणी ऐकत नाही असं बघून हलक्या आवाजात म्हणाली, "आत तुम्ही काय सांगणार आहात?"

"काय सांगनार? मी उकरलं म्हनून सांगनार."

"पण तुम्ही नाही उकरलं!"

"ते काय तुमी मला सांगता व्हय?" ठकूबाई हसली. दात थोडेच राहिले होते, पण हसू होतं तसंच होतं. "मी शेजारीच हुते की उबी."

केतकी बाकाच्या टोकाला टेकली.

"तुमी त्या दिवशी माझ्या घरात जेवला हुता," ठकूबाई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "पाव्हन्याचं उष्टं कुनी चव्हाट्यावर नेऊन टाकतं का? मालकबी म्हनलं, गप ऱ्हा. म्हनून गप ऱ्हायले. वाड्यानं म्हनायचं ते म्हनलं. ठकीनं कंद इकलं, ठकीमुळं सडा गेला. मालक गेलं तवा खांदा द्यायला चौगंबी धड आलं न्हाईत."

"मला हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

"तुमी इचारलं कुटं?"

उरलेली भाकरी फडक्यात बांधत ती पुढे म्हणाली, "आनि आता तुमचं केंद्र बंद पडलं तर दिवटी ऱ्हानार कुटं? सड्यावर यंदा एकतीस मोजल्या मी. म्हशी हुत्या तवा गवत बुटकं ऱ्हायचं, दिवटीला ऊन मिळायचं. आता कमरंएवडं गवत हाय, त्यात जीव गुदमरतो तिचा. तुमच्या बाटल्यांत हाय तेवडीच. माजं काय, सत्तर झाली. तितं दोन टायमाला जेवायला तरी घालत्यात म्हनं."

हे ऐकून केतकीला पहिल्यांदा काय वाटलं, ते लिहायलाच हवं. तिला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावा, तसं. आणि दुसऱ्या क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ठकूबाईकडे बघण्याचं धैर्य होईना. ती भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बघत राहिली.

आत समितीचे तीन सदस्य होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, कान देऊन ऐकणारे. ऋजुतानं पडद्यावर आलेख दाखवले आणि सोप्या शब्दांत सांगितलं, "अडवलेली दोनशे रोपं तपासली, नंतर केंद्रातल्या बाटल्याही तपासल्या. सगळ्या वंशावळी मागे जाऊन सातच कंदांना मिळतात. सातही रानातले. टोप्यांवरून वर्ष काढलं तर बावीस वर्षांपूर्वीचं येतं. त्या साली जुलै कोरडा गेला होता, त्याची खूण सातही कंदांत आहे. म्हणजे हे अलीकडचं घुसडणं नाही. सुरुवातच तिथून आहे." तिनं पुढचा आलेख लावला. "आणि कंद खणले तेव्हा रोपं फुलावर होती."

"ठकूबाई," अध्यक्ष म्हणाले, "हे कंद तुम्ही काढलेत?"

"व्हय साएब. मी उकरलं."

"कधी?"

"बावीस वर्सं झाली. कार्तिकात."

"कार्तिकात? यांची पेटी तर भाद्रपद म्हणते. झाड फुलावर असताना."

"फुलावर?" ठकूबाई बाकावरून उठलीच. "छ्या छ्या! फुलावर कोन उकरंल साएब? पाप लागंल. शेंगा फुटून म्हाताऱ्या उडाल्या म्हंजी मंग कंद काडायचा. थोरला खायचा, धाकटा परत मातीत ठिवायचा आनि वर दगूड. माजी आजी तसंच करायची, तिची आजी तसंच. फुलावर हात लावला तर फुडल्या वर्सी काय खाशील?"

"मग तुम्ही कार्तिकात काढलेत?"

"कार्तिकातच. फुलावर मी न्हाई उकरत. मला तुरुंगात घाला, पर तसलं माज्या नावावर लावू नका."

दोषच पत्करायला आलेली बाई एवढ्या एका गोष्टीला अडून बसली. तिच्या लेखी चोरी एक वेळ पत्करता येत होती, अडाणीपणा नव्हता. समितीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारीला सालं, महिने काय आठवणार, असं एक सदस्य पुटपुटलाही.

ऋजुता मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती केतकीकडे बघत होती. फुलाशिवाय नमुना म्हणजे चेहरा नसलेला फोटो. हे वाक्य तिनं ज्यांच्या तोंडून ऐकलं होतं, त्या समोरच बसल्या होत्या. तिला कळलं. तिनं नजर खाली वळवून आपले कागद नीट लावायला घेतले. ती काही बोलणार नव्हती. गुरूला वाचवायचं तिनं ठरवून टाकलं होतं.

म्हणजे आता दोघीजणी केतकीला वाचवत होत्या. एकीनं तिला दिवटी दाखवली होती, दुसरीला तिनं शिकवलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण तिला लहानपणी गमतीची वाटायची. चोरानं समोर बसून ते बघायचं असतं, हे त्या म्हणीत कुणी घातलेलं नाही.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. केतकी उठून उभी राहिली.

"ते कंद मी काढले," ती म्हणाली. "नमुन्यासाठी. परवानगी नव्हती. बिया उगवल्या नाहीत, म्हणून त्या कंदांवरच मी केंद्र उभं केलं आणि अर्जात बिया लिहिलं. खड्ड्यांचं खापर मी या लोकांवर फोडलं. तीन आठवड्यांपूर्वी दिलेलं मतही खोटं आहे. ठकूबाईंनी काहीही केलेलं नाही."

लिहिता लिहिता लेखनिकानं विचारलं, "मॅडम, खापर शब्द तसाच घेऊ का?"

"तसाच घ्या."

मग सगळं भराभर झालं. केंद्राची नोंदणी रद्द झाली. चाळीस हजार बाटल्यांची खोली मोहोरबंद झाली. ती रोपं सड्यावर लावायची की पुराव्यात ठेवायची, याचा निकाल लागायला वर्ष जाईल असं वकिलानं सांगितलं. केतकीवर खटला उभा राहिला. ऋजुतानं फोन केला नाही. केतकीनं दोनदा तिचा नंबर काढला आणि दोन्ही वेळा फोन ठेवून दिला. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या आठवड्यात भाजीवालीनं रोजच्यासारखी कोथिंबीर दिली, पण बोलली नाही.

जामिनावर सुटल्यावर केतकी पहिल्यांदा घोडेतळाखालच्या वसाहतीत गेली. ठकूबाई दारातच भेटली. या म्हणाली नाही.

"मावशी, मी माफी मागायला आले."

"माजी?"

"तुमची."

"मला ठावं हुतं की समदं. माजी माफी मागून काय हुतंय?" ठकूबाईचा आवाज चढला. बावीस वर्षांत केतकीनं तो असा कधी ऐकला नव्हता. "तितं साताऱ्याला साएबांम्होरं बोललासा. पेपरात आलं. हितं कोन पेपर वाचतंय? हितं अजून भागोजी ढेब्याचं घर म्हंजी चोराचं घर. माजी सून पान्याला गेली तर बाया हंडा लावू देत न्हाईत. बोलायचं तर हितं बोला."

तिनं स्वतःच घराघरांसमोर जाऊन हाका मारल्या. अर्ध्या तासात मारुतीच्या पारापाशी तीसचाळीस माणसं जमली. बायका पदर सावरून कडेला, पुरुष पारावर. बसा असं केतकीला कुणी म्हटलं नाही. तिनं हात जोडले आणि सांगायला सुरुवात केली. शास्त्राचे शब्द नेमके इथे कामाचे नव्हते. नमुना, परिशिष्ट, प्रमाणपत्र. एकेक शब्द तोंडाशी आला आणि तिनं गिळला. शेवटी उरलं ते एवढंच, "खड्डे मी खणले होते. नाव तुमचं सांगितलं. भागोजींनी काही केलं नव्हतं, ठकूबाईंनी काही केलं नव्हतं."

पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजी आमच्या म्हशी खाली आनल्या, त्या तुमच्या सांगन्यावरनं?"

"हो."

"काय सांगितलं हुतंत?"

"एक ओळ लिहून दिली होती."

"येकच?"

"एकच."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यानं शिवी दिली असती तर केतकीला बरं वाटलं असतं. शिवी कुणीच दिली नाही. एका बाईनं तोंडाला पदर लावला. ठकूबाई बाजूला ताठ उभी होती आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, कोण ऐकतंय नि कोण नाही ते.

तेवढ्यात खालच्या अंगाला राहणारी चारपाच माणसं वर आली. उशीर झाला होता त्यांना. मागे उभं राहून ती एकमेकांना विचारायला लागली, काय झालं, कोण ही बाई. एकजण ओरडून म्हणाला, "आमाला काय बी ऐकू आलं न्हाई!"

ठकूबाई केतकीकडे वळली.

"परत सांगा," ती म्हणाली. "मोट्यानं. पैल्यापासनं."

केतकीनं पुन्हा हात जोडले.